माळ गळ्यात राहू दे, आधी कॉलेजचं पत्र हातात घे

प्रश्न

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातली एक मुलगी छत्रपती संभाजीनगरच्या एका स्वायत्त अभियांत्रिकी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचा तैवानची राजधानी तैपेई इथल्या एका विद्यापीठाशी करार आहे आणि तिसऱ्या वर्षातलं एक सत्र तिथे शिकायला तिची निवड झाली आहे. सप्टेंबरचं सत्र घ्यायचं की फेब्रुवारीचं, हे दोन आठवड्यांत कळवायचंय. वर्गातली मैत्रीण सप्टेंबरला जातेय, म्हणून हिचाही ओढा तिकडेच. घर माळकरी, हिच्याही गळ्यात सातवीपासून तुळशीची माळ. तिकडे शाकाहारी काही मिळत नाही असं सगळे सांगतात, तेव्हा जाण्याआधी माळ उतरवून ठेवावी का, हा तिचा पहिला प्रश्न. दोन महिने मोबाइलवर चिनी शिकते आहे, पण डोक्यात काही राहत नाही. इंग्रजी बोलतानाही अडखळते. फी इथेच भरायची असली तरी बाकीचा खर्च तीन लाखांच्या घरात जातोय, घरी मात्र तिने दीड लाखच सांगितलाय. वडील, ज्यांना ती अण्णा म्हणते, "लागलं तर अर्धा एकर काढू" म्हणतात. आईने किल्लारीच्या भूकंपात धाकटा भाऊ गमावला. तैवानात भूकंप होतात हे कळल्यापासून ती या विषयावर बोलतच नाही. पत्राच्या शेवटी लिहिलंय, "चार महिन्यांत मला तिथे शोभेल अशी व्हायचं आहे. सुरुवात कुठून करू?"

उत्तर

तुझ्या पत्रात पासपोर्ट हा शब्द एकदाच येतो, तोही "काढायचा आहे" एवढाच. चिनी भाषा, इंग्रजी, जेवण, कपडे, तिथली मुलं काय म्हणतील यावर मात्र तू पानंच्या पानं लिहिलीस. तुझी सगळी काळजी तिकडची आहे आणि करायची बहुतेक कामं इकडची आहेत. परदेशी सत्र बिघडतं ते बहुधा इथे राहून गेलेल्या कागदामुळे किंवा घरात न झालेल्या बोलण्यामुळे. तिथे जाऊन भाषा आली नाही म्हणून कुणाचं सत्र वाया जात नाही.

शोभेल अशी व्हायचं, असं तू लिहिलंस. कुणाला शोभायचं? त्या विद्यापीठाने तुझी निवड तू आज जशी आहेस तशी पाहून केली. तुझे गुण, तुझ्या प्राध्यापकांचं शिफारसपत्र, तुझा अर्ज त्यांच्यासमोर होता. चार महिन्यांत दुसरीच कुणी मुलगी तयार करून पाठव, असं त्यांनी म्हटलेलं नाही. अकरावीला गावातून लातूरला क्लाससाठी गेलीस, मग तिथून संभाजीनगरला आलीस. दोन्ही वेळा तू जशी होतीस तशीच गेलीस आणि निभावलंस.

आता माळेचं. या प्रश्नाला मी जास्त जागा देणार आहे, कारण तो तुझ्या मनाला सगळ्यात जास्त टोचतोय आणि तो ज्या समजुतीवर उभा आहे ती तैपेईपुरती तरी चुकीची आहे. पूर्व आशियातल्या मोठ्या शहरांत शाकाहारी माणसाला सगळ्यात सोपं शहर कोणतं असं विचारलंस, तर मी तैपेईचंच नाव घेईन. तिथे बौद्ध आणि ताओ परंपरेतली असंख्य माणसं शाकाहार पाळतात. कुणी आयुष्यभर, तर कुणी चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी. म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या हिशेबाने. तुमच्या घरात एकादशी धरतात, तसंच समज. शाकाहारी खानावळी गल्लोगल्ली आहेत आणि कित्येकांच्या पाटीवर चक्क स्वस्तिक असतं. पहिल्यांदा पाहशील तेव्हा अण्णांना फोटो पाठव. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी भाज्या, टोफू, भात मांडून ठेवलेला असतो. ताट आपण भरायचं, ते तोलतात आणि तेवढेच पैसे घेतात.

आणखी एक गोष्ट तुझ्या आईला नक्की आवडेल. बौद्ध पद्धतीच्या कडक शाकाहारात कांदा-लसूणही चालत नाही. पाकीटबंद शाकाहारी पदार्थांवर तो कोणत्या प्रकारचा आहे हे छापणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. पूर्ण शाकाहारी, दूध असलेला, अंडं असलेला, दूध-अंडं दोन्ही असलेला आणि कांदा-लसूण वर्गातल्या भाज्या असलेला असे पाच वर्ग आहेत. तुला अंडं चालत नाही, तेव्हा पहिला आणि दुसरा वर्ग तुझा. शेवटच्या वर्गात दूध-अंडंही असू शकतं, तेव्हा तो धरू नकोस. ही अक्षरं एका कागदावर मोठी काढून घे आणि निघण्याआधी डोळ्यांना सवय लाव. चिनी शिकायची सुरुवात इथून कर. पोटाशी संबंध असलेलं डोक्यात राहतं.

सावध कुठे राहायचं तेही सांगते. साध्या खानावळीत "भाजी" म्हणून जे येतं ते डुकराच्या चरबीत परतलेलं असू शकतं आणि सूप हाडांच्या पाण्याचं. त्यामुळे मांस दिसत नाही म्हणून ते शाकाहारी असं धरू नकोस, शाकाहाराची पाटी किंवा छापलेला वर्ग पाहा. उलट गंमत शाकाहारी दुकानात होईल. तिथे समोर हुबेहूब मांसासारखे तुकडे येतील आणि तू दचकशील. ते सोयाबीनचं असतं. तुमच्या शेतात पिकतं तेच. मैत्रिणी हॉटपॉटला, म्हणजे टेबलावरच उकळत्या रश्श्यात सगळं शिजवून खायच्या जेवणाला, बोलावतील तेव्हा एकाच मोठ्या भांड्याऐवजी प्रत्येकाला वेगळं छोटं पातेलं देणाऱ्या जागी जाऊ असं सुचव, अशा जागा भरपूर आहेत.

तेव्हा माळ काढायचं कारणच उरत नाही. पुढे कधी तुला स्वतःलाच माळ नको वाटली, तर तो तुझा आणि अण्णांचा वेगळा विषय, तेव्हा बोला. पण लोक काय म्हणतील म्हणून, न पाहिलेल्या शहराच्या भीतीने ती उतरवू नकोस. तैपेईत मनगटात जपमाळ घातलेली माणसं तुला मेट्रोतही दिसतील. 1738 साली उभारलेल्या लुंगशान मंदिरात एखाद्या संध्याकाळी जाऊन बस. उदबत्त्यांचा धूर आणि हात जोडून पुटपुटणारी म्हातारी माणसं पाहून परकं वाटणार नाही. बरोबर एक जादा माळ मात्र ने, दोरा तुटला तर तिथे कुठे शोधत बसशील.

डब्याचं सामान फार नेऊ नकोस. येसर, काळं तिखट, शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी, बस्स. ताजी फळं, भाजी, रोपं आणि बी-बियाणं तैवानात नेता येत नाही. आजीने प्रेमाने पिशवीत तुळशीच्या मंजिऱ्या किंवा कढीपत्ता घातला तर विमानतळावर तुझीच पंचाईत होईल, हे तिला आधीच सांग. आणि घरची इलेक्ट्रिक किटली किंवा शेगडी नेऊ नकोस. तिथे वीज 110 व्होल्टची आहे, आपली 230 ची उपकरणं तिथे नीट चालत नाहीत. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर चालतात, फक्त चपट्या दोन पायांची पिन लागते. वसतिगृहात खोलीत शिजवायला परवानगी आहे का, हे आधीच मेल करून विचार. बऱ्याच ठिकाणी नसते.

आता आईकडे येते. पत्रात तू तिच्यासाठी दोनच ओळी लिहिल्यास, पण मला सगळ्यात जास्त विचार तिथेच करावासा वाटला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, तुमच्या भागातली माणसं झोपेतच गाडली गेली. तुझी आई तेव्हा लहान मुलगी असेल. तिची भीती अडाणीपणाची नाही, ती अनुभवाची आहे. "तिकडच्या इमारती भक्कम असतात गं" असं म्हणून तिला गप्प करू नकोस. आधी तिला बोलू दे. तुझ्या मामाचं नाव घरात शेवटचं कधी घेतलं गेलं ते आठव. तुझ्या जाण्याच्या निमित्ताने ती कदाचित पहिल्यांदा बोलेल.

त्यानंतर तिला खरं ते सगळं सांग, लपवू नकोस. तैवान भूकंपाच्या पट्ट्यातच आहे, लहान धक्के तिथे नेहमीचे आहेत आणि एका सत्रात तुलाही एखादा जाणवण्याची शक्यता बरीच आहे. पण किल्लारीला माणसं कशाने गेली ते तू अभियांत्रिकीची विद्यार्थिनी म्हणून तिला समजावून सांगू शकतेस. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यावर माळवदाचं टनावारी वजन. धक्का मध्यम होता, घरं जीवघेणी ठरली. तैवानलाही 21 सप्टेंबर 1999 च्या मध्यरात्री मोठा भूकंप झाला, किल्लारीपेक्षा कितीतरी मोठा, आणि 2,400 हून अधिक माणसं गेली. त्यानंतर त्यांनी बांधकामाचे नियम कडक केले आणि तो दिवस दरवर्षी कवायतीचा दिवस केला. 3 एप्रिल 2024 ला हुआलिएनजवळ 7.2 तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा बळींची संख्या विसाच्या आत राहिली. त्यांनाही दुःख झालंच, पण पंचवीस वर्षांत काय बदललं ते या दोन आकड्यांत दिसतं. तैपेई 101 या 508 मीटर उंच इमारतीत 660 टनांचा एक गोळा टांगलेला आहे. वादळवाऱ्यात आणि धक्क्यात इमारतीचं डोलणं तो कमी करतो. लोकांना तो पाहायला खुला आहे. तो पाहा आणि आईला फोनवर दाखव.

आईशी एक गोष्ट ठरवून ठेव. धक्का जाणवला की बातमी गावात पोचायच्या आत तू "ठीक आहे" एवढं पाठवायचं, मग फोन. तैवानची वेळ आपल्यापुढे अडीच तास आहे. त्यांच्या रात्रीच्या दहाला आपल्याकडे साडेसात, म्हणजे घरी स्वयंपाकाची वेळ. रोजच्या फोनला ही वेळ चांगली. मोठ्या धक्क्याआधी तिथे मोबाइलवर सहसा सरकारी इशारा येतो. तो आला किंवा धक्का जाणवला की टेबलाखाली शिरायचं, टेबलाचा पाय घट्ट धरायचा, हलणं थांबेपर्यंत बाहेर पळायचं नाही. पलंगाखाली बूट ठेवून झोपायचं, कारण धक्क्यानंतर जमिनीवर काचा असतात. पोलिसांसाठी 110, आग आणि रुग्णवाहिकेसाठी 119. हे आईला तोंडपाठ म्हणून दाखव. तू तयार आहेस हे दिसलं की तिला धीर येईल.

आता पैसा. तीन लाखांच्या जागी दीड लाख सांगितलंस, कारण खरा आकडा ऐकून अण्णा नाही म्हणतील अशी तुला भीती वाटली. पण खोटा आकडा ऐकूनच ते अर्धा एकर काढायला निघालेत. खरा आकडा ते नोव्हेंबरात ऐकतील, तू तिथे असताना, तेव्हा काय विकतील? या सुट्टीत वही घेऊन त्यांच्यासमोर बस. विमानाचं येणं-जाणं, व्हिसा, विमा, वसतिगृह, जेवण, शहरातला प्रवास, अडीअडचणीची रक्कम हे सगळं एकेका ओळीत लिही. तैवानी डॉलर साधारण पावणेतीन रुपये धर, दर खालीवर होतो म्हणून थोडी वाढ ठेव. दिवसाला जेवणाला 300 तैवानी डॉलर धरलेस तर महिन्याला 9,000 होतात, म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या आसपास. शाकाहारी खानावळीत त्याहून कमीतही भागतं. तैपेई आणि आसपासच्या शहरांत मेट्रो-बससाठी 1,200 तैवानी डॉलरचा महिन्याचा पास आहे. वसतिगृह कॉलेजजवळ असेल तर तोही लागणार नाही. वसतिगृहाची रक्कम अंदाजाने लिहू नकोस, विद्यापीठाकडून मागवून घे.

जमीन विकायची नाही, हे मी ठामपणे सांगते. एका सत्रासाठी जमीन जाऊ द्यायची नसते, आणि पुढे हे ओझं तू प्रत्येक परीक्षेत, प्रत्येक मुलाखतीत पाठीवर घेऊन बसशील. तिथे काम करून खर्च भागवू, असाही हिशेब धरू नकोस. परवान्याशिवाय विद्यार्थ्याने काम करणं तिथे बेकायदा आहे आणि चार महिन्यांच्या पाहुणीने कमाईवर विसंबणं धोक्याचं. कॉलेजला आणि तिकडच्या विद्यापीठाला करारातल्या विद्यार्थ्यांसाठी काही मदत आहे का, हे लेखी विचार. विचारण्यात कमीपणा नाही. वहीतला हिशेब करूनही जमिनीशिवाय जमत नसेल, तर या वर्षी जाऊ नकोस. ही एकच संधी आहे असं तुझ्या पत्रात सारखं येतं. तसं नाही. पदव्युत्तर शिक्षणासाठी तैवान सरकारच्या दरमहा पैसे देणाऱ्या शिष्यवृत्त्या भारतीय विद्यार्थ्यांना खुल्या आहेत आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी तर त्या विशेष कामाच्या. शिवाय "टीईईपी" नावाची त्यांच्या शिक्षण मंत्रालयाची एक योजना आहे, तिच्यात परदेशी विद्यार्थ्यांना तिथल्या प्रयोगशाळांत काही महिने काम शिकता येतं. ज्यांच्या कॉलेजचा कुठेच करार नाही, अशा वाचकांनीही ती जरूर पाहावी.

यातूनच सत्राचा प्रश्न सुटतो. सप्टेंबरची बाजू एकच, मैत्रिणीची सोबत. ती बाजू लहान नाही, पहिल्यांदा विमानात बसताना शेजारी ओळखीचं कुणी असणं मोठा आधार असतो. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे बघ. सप्टेंबरला तिकिटाचे, व्हिसाचे, वसतिगृहाचे पैसे जुलै-ऑगस्टात लागतील, तेव्हा घरात पेरणीचा खर्च होऊन गेलेला असतो आणि सोयाबीन शेतात उभं असतं. काढणी सप्टेंबरच्या शेवटी सुरू होते, मालाचे पैसे हातात यायला दिवाळी. फेब्रुवारीला निघालीस तर सोयाबीन विकलेलं असेल आणि तूरही हाताशी आलेली असेल. जमीन काढायची वेळ येतेय ती अर्धी या तारखांमुळेच.

पासपोर्टही नाही अजून. चार महिन्यांत पासपोर्ट, मग विद्यापीठाचं पत्र, मग व्हिसा, हे होईल, पण धापा टाकत होईल. त्यात सप्टेंबरपर्यंत तिथे टायफूनचे दिवस असतात. आणि शिक्षणाच्या बाजूने पाहिलंस तर आपलं पाचवं सत्र जुलैत सुरू होतं. दीड-दोन महिने इथे शिकून ते अर्ध्यावर सोडायचं आणि परत येशील ती जानेवारीत, सहावं सत्र सुरू झाल्यावर. फेब्रुवारीला गेलीस तर जूनच्या अखेरीस परत येशील आणि सातव्या सत्रात कॅम्पस मुलाखती सुरू होतात तेव्हा तू हजर असशील. फेब्रुवारीचा तोटा एवढाच की उन्हाळ्यातली इंटर्नशिप लहान होईल आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या परीक्षा चुकतील, त्याची सोय कॉलेजकडून करून घ्यावी लागेल. आणखी एक, चिनी नववर्ष जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं, त्या आठवड्यात छोटी दुकानं बंद असतात. त्याच्या तोंडावर पोचू नकोस, वसतिगृह कधी उघडतं ते विचारून तिकीट काढ. मला विचारशील तर फेब्रुवारी. मैत्रीण तोवर तिथून परतत आलेली असेल. तिच्याकडून कोणत्या खोलीला ऊन येतं, कोणत्या खानावळीतली काकू पाटीवरचं वाचून दाखवते, हे सगळं तुला आयतं मिळेल.

तिथली थंडी आपल्यासारखी कोरडी नसते. पारा दहा-पंधराच्या आसपास, बारीक पाऊस आणि खोलीत हीटर नाही. जाड कोटापेक्षा लवकर वाळणारे कपडे आणि चांगली छत्री घे.

आता कागद. पासपोर्टचा अर्ज या आठवड्यात भर. साध्या अर्जाला 1,500 रुपये लागतात. भरण्याआधी दहावीची गुणपत्रिका, आधार आणि कॉलेजचं ओळखपत्र शेजारी ठेवून नावाचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळव. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा आणि नावाचा रकाना वेगळा असतो. इथे घोळ झाला की पुढे विद्यापीठाचं पत्र, तिकीट, व्हिसा सगळीकडे तो पाठलाग करतो. पोलिस पडताळणी तू दिलेल्या पत्त्यावर होते, तेव्हा गावचा पत्ता दिलास तर बोलावणं येईल त्या दिवसांत गावी राहा.

भारताचे तैवानशी औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत, म्हणून त्यांचा दूतावास आपल्याकडे नाही. ते काम तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्र करतं. आधी ते दिल्ली आणि चेन्नईतच होतं, ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईतही सुरू झालं. तुझा अर्ज नेमका कुठे आणि कोणत्या कागदांसह द्यायचा, हे त्यांच्याकडूनच विचारून घे, एजंटाकडून नको. 180 दिवसांपर्यंत राहणाऱ्याला अभ्यागत व्हिसा मिळतो. त्यावर एका वेळी किती दिवस राहता येईल आणि मुदत वाढवता येते की नाही, हे लिहिलेलं असतं. व्हिसा हातात आला की आधी ते वाच. तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात परदेशी विद्यार्थ्याला सहा महिने राहिल्यावरच प्रवेश मिळतो, म्हणजे तुला तो मिळणार नाही. पूर्ण मुदतीचा विमा इथूनच काढून ने, त्यात दवाखान्यात भरती होण्याचा खर्च धरलेला आहे ना ते पाहा.

तुझा भारतातला मोबाइल नंबर बंद पडू देऊ नकोस. बँकेचा ओटीपी त्यावर येतो, आधारचा येतो, महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना येतो. परदेशात एसएमएस मिळेल असं रिचार्ज मारून जा आणि तो इथून चालू ठेवायची जबाबदारी भावाला किंवा मैत्रिणीला दे. शिष्यवृत्तीसाठी हजेरी मोजतात, बाहेरच्या सत्रातली हजेरी कशी धरणार हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातल्या लिपिकाला आत्ताच विचार. यूपीआयच्या भरवशावर राहू नकोस. बँकेत जाऊन कार्डावरचे परदेशी व्यवहार सुरू करून घे. थोडे अमेरिकी डॉलर ने, ते तिथे विमानतळावरच्या बँकेत बदलता येतात. छोट्या खानावळी आणि रात्रबाजार अजूनही रोख मागतात.

भाषेचं थोडक्यात. तू ज्या ॲपवर शिकतेस ते बहुधा सोपी केलेली, मुख्य भूमी चीनमधली लिपी शिकवतं. तैवानात पारंपरिक अक्षरं वापरतात. सेटिंगमध्ये पारंपरिक लिपी निवडता येत असेल तर आजच बदल, अर्धी निराशा त्यातूनच येत असेल. दोनशे वाक्यं पाठ करू नकोस. आकडे, "हे किती", "हे नको", "मी शाकाहारी आहे", "स्टेशन कुठे", "धन्यवाद" एवढं नीट उच्चारता आलं तरी पहिला महिना निघतो, शिवाय विद्यापीठात परदेशी मुलांसाठी सुरुवातीचा चिनी वर्ग असेल तर त्यात नाव घाल. इंग्रजीची तयारी वेगळ्या तऱ्हेने कर. रोज एखाद्या तैवानी प्राध्यापकाचं तुझ्या विषयावरचं व्याख्यान ऐक आणि शेवटी मोठ्याने एक प्रश्न विचार, खोलीत एकटी असलीस तरी. त्यांचंही इंग्रजी शिकलेलंच आहे. अडखळणारे दोघं एकमेकांना समजून घेतात.

खर्च वसूल व्हायला हवा म्हणून सात-आठ विषय घेऊ नकोस. तैवानने चिपच्या उद्योगात गेली चाळीस वर्षं जे उभं केलं ते पाहायला मिळणं हाच तुझ्या शाखेसाठी मोठा लाभ आहे. 1980 साली शिनचू शहरात विज्ञान उद्यान सुरू झालं, 1987 साली टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी. आज गुजरातच्या धोलेऱ्यात टाटांचा जो चिप कारखाना उभा राहतोय, त्याची तंत्रज्ञानातली भागीदार पीएसएमसी ही तैवानी कंपनीच आहे. इंग्रजीत शिकवले जाणारे तीन-चार विषय नीट निवड, त्यातला एक प्रयोगशाळेचा असू दे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. तिथे शिकलेले विषय इथे कोणत्या विषयांच्या जागी धरले जातील, त्यांचे श्रेयांक (क्रेडिट) किती, तिथल्या श्रेणीचं इथे रूपांतर कसं करणार, ज्या विषयाला तिथे जोड नाही त्याची परीक्षा केव्हा, याचं लेखी पत्र निघण्याआधी हातात हवं. कॉलेज स्वायत्त आहे म्हणून हे तिथल्याच समितीच्या मान्यतेने होऊ शकतं. संलग्न कॉलेजातल्या वाचकांनी विद्यापीठाची मान्यताही मागावी. "होऊन जाईल, काळजी करू नकोस" असं सर प्रेमाने म्हणतील. ते खरंही असेल. पण वर्षभरात सरांची बदली होते, विभागप्रमुख बदलतात, आणि तुझं प्रेमाचं आश्वासन नव्या माणसाला दाखवता येत नाही.

दोन आठवड्यांची मुदत आहे ना? पहिल्या आठवड्यात गावी जा. अण्णांना वही दाखव, आईजवळ बस. मग कॉलेजला एक पानी अर्ज दे, की फेब्रुवारीच्या सत्राला माझी संमती आहे आणि विषयांच्या समकक्षतेचं लेखी पत्र सप्टेंबरअखेरपर्यंत मिळावं. अर्जाच्या दोन प्रती घे, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून परत घे.